लंगोट धुतले जातात

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे कुणी बोलायला लागलं की तो काय म्हणतोय याच्या आधी माझं लक्ष त्याच्या वाक्यातल्या कर्त्याकडे जातं. हा धंद्याचा दोष आहे. बाळंतपणात तो बळावतो, एवढं मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सातव्या महिन्यात नवरा म्हणाला, "आपण कापडीच वापरू या." मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. इंग्रजीला ही चैन नाही. नवऱ्याने इतक्या बारकाईने सर्वनाम निवडलं याचं मला कौतुक वाटलं. क्रियापद मात्र मी नीट पाहिलं नाही. तो 'वापरू या' म्हणाला होता, 'धुऊ या' म्हणाला नव्हता. आणि तसं पाहिलं तर वापरणारं माणूस आम्हा दोघांपैकी कुणीच नव्हतं. ते अजून जन्माला यायचं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी चिपळूणला गेले. तिथे आजीची तयारी केव्हाच झाली होती. आजोबांची धोतरं आणि तिची स्वतःची जुनी नऊवारी लुगडी फाडून तिने त्रिकोणी लंगोट शिवले होते, प्रत्येकाला दोन नाड्या. धुऊन धुऊन ते कापड इतकं मऊ झालं होतं की हातात घेतलं तर हात रिकामाच आहे असं वाटावं. खर्च शून्य. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांची धोतरं इतकी वर्षं ट्रंकेत का जपून ठेवली होती ते मला तेव्हा कळलं.

या लंगोटाचं शास्त्र सोपं आहे. त्यात शू थांबत नाही. ती लंगोटातून दुपट्यात, दुपट्यातून गोधडीत आणि गोधडीतून मेणकापडापर्यंत जाते. मेणकापडापाशी प्रवास संपतो, पण तोवर चार कपड्यांना त्याची खबर लागलेली असते. लेक जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली. नवजात बाळ दिवसातून किती वेळा शू करतं हे मी मोजायला घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. बाहेर पाऊस पडत होता, तोही मोजण्यापलीकडचा होता.

जुलैत चिपळूणला कपडे वाळत नाहीत. ते नुसते वाळत घातलेले असतात. माजघरातल्या दांडीवर, खिडकीच्या गजांवर, खुर्च्यांच्या पाठींवर आणि नंतर देवघराचं दार सोडून उरलेल्या सगळ्या दारांवर लंगोट लटकले. शेजारचे काका छत्री मिटत आत आले आणि त्यांनी विचारलं, "यंदा गणपती लवकर का?" पंख्याने जे काम होईना ते शेगडीवर आलं. निखारे, त्यावर उलटी टोपली, टोपलीवर लंगोट. एका वेळी सहा. राखणीला माणूस हवं, नाहीतर लंगोटाला भोक पडतं. या पद्धतीने वाळलेल्या कापडाला धुराचा वास येतो, आणि माझी लेक पहिले दोन महिने काजूच्या भट्टीतून नुकतीच काढल्यासारखी दरवळत होती. तिची पापी घेणारा प्रत्येक जण नंतर एकदा खोकायचा.

या काळात लंगोट धुतले जात होते. शाळेच्या व्याकरणात याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात. रामाकडून रावण मारला जातो. या प्रयोगाची सोय अशी की 'रामाकडून' गाळलं तरी वाक्य पूर्ण होतं आणि रावण मेलेलाच राहतो.

बारशाला माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने भेट पाठवली. खोक्यात सहा कापडी डायपर होते. प्रत्येकावर हत्ती, हत्तीच्या सोंडेत फुगा. सोबत आत सरकवायच्या बारा पट्ट्या आणि आठ पानांचं माहितीपत्रक. एका डायपरची किंमत सहाशे रुपयांच्या घरात असल्याचं मी आजीला सांगितलं. आजीने तो उलटा केला, आतलं बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं आणि विचारलं, "आणि कापड कुठाय?"

आईने बाहेरच्या बाजूला नख मारून पाहिलं. "हे मेणकापडच की," ती म्हणाली. माहितीपत्रकात त्याला पॉलियुरेथेन लॅमिनेट म्हटलं आहे. पॉलिएस्टरच्या कापडाला आतून पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, त्यातून पाणी बाहेर येत नाही, वाफ मात्र थोडीफार जाते. म्हणजे मेणकापडच, पण शिकलेलं. पूर्वी ते गोधडीखाली पडून असायचं, आता त्याला हत्ती छापून वर बसवलं आहे.

नवरा शनिवारी पुण्याहून यायचा आणि येताना वाचन करून यायचा. मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका अमेरिकन बाईला रोज ओल्या चादरी बदलण्याचा वैताग आला. तिने न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापून लंगोटावर घालायचं आवरण शिवलं, मग ते सुधारून पॅराशूटच्या नायलॉनचं केलं आणि १९५१ साली त्याचं पेटंट मिळवलं. पुढे व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्याला नातवंडांचे कापडी लंगोट बदलण्याचा कंटाळा आला आणि त्यातून १९६१ साली पॅम्पर्स बाजारात आलं. हे सगळं नवरा झोपाळ्यावर बसून सांगत होता. आई शेगडीपाशी होती. तिने एवढंच विचारलं की पॅराशूट म्हणजे खोबरेल तेल ना? कंटाळा आल्यावर त्या आजोबांनी कारखाना कामाला लावला, यावर आजी बराच वेळ विचार करत होती. कंटाळ्याचा असा काही उपयोग असतो हे तिला पंच्याऐंशी वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

खोबरेल तेलाचा विषय पुढे माझ्या फारच कामी आला. माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की डायपरला तेलकट काहीही लागता कामा नये. तेलाचा थर बसला की पट्टी पाणी शोषत नाही, शू वरच्या वर घरंगळते. आमच्याकडे रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालायला बाई यायच्या. त्या बाळाला पायांवर आडवं घेऊन इतकं तेल जिरवायच्या की बाळ दोनदा त्यांच्या हातून सुळकन निसटलं होतं. मी माहितीपत्रक पुढे केलं. त्यांनी हात तेलकट असल्याचं सांगून ते घेतलं नाही. या घरात मलाही त्यांनीच न्हाऊ घातलं होतं, हे त्यांनी तेल आणखी थोडं ओतत सांगितलं.

दुसऱ्या पानावरची सूचना मी दोनदा वाचली. नवे डायपर वापरण्याआधी पाच-सहा वेळा धुवावेत, कारण नव्या सुती पट्टीत कापसाचं नैसर्गिक मेण असतं आणि ते निघाल्याशिवाय ती पुरेसं पाणी शोषत नाही. म्हणजे घाण होण्याआधीच सहा वेळा धुणं. प्रत्येक धुण्यानंतर पूर्ण वाळवणं. जुलैत, चिपळूणला. माझ्या हिशेबाने पहिली शू दसऱ्याला झाली असती. आजोबांनी चाळीस वर्षं धोतरं नेसून ही पूर्वतयारी फुकट करून ठेवली होती, त्याची किंमत मला इथे कळली.

पिवळ्या डागांबद्दलही पत्रकात उपाय होता. आईच्या दुधावरच्या बाळाच्या शीचा डाग साबणाने जात नाही, उन्हात ठेवला की जातो. हे खरं आहे. हळदीचा डागही उन्हात असाच विरतो, त्यामुळे साय-हळद लावून न्हाऊ घातलेल्या बाळाचे दोन्ही डाग एकाच उन्हात निघतात. त्या महिन्यात ऊन नऊ जुलैला दुपारी पंचवीस मिनिटं पडलं. मी तेव्हा झोपले होते. मला कुणी उठवलं नाही, बाळंतिणीने झोपावं म्हणून.

ऑक्टोबरात मी पुण्याला आले आणि हत्ती खऱ्या अर्थाने वापरात आले. डायपरच्या पोटावर टिचबटणांच्या रांगा असतात. त्या खालीवर लावल्या की एकच डायपर तीन किलोच्या बाळापासून तीन वर्षांच्या पोरापर्यंत बसतो, असं म्हणतात. रात्री तीन वाजता, दिवा न लावता, रडणाऱ्या बाळाला हा डायपर घालताना नवरा उजवीकडे दुसरं आणि डावीकडे चौथं बटण लावायचा. मग डाव्या मांडीतून गळती व्हायची. तो म्हणायचा, "डिझाइनमध्येच गडबड आहे." शिवाय आत दोन पट्ट्या असल्या की बाळाचं बूड इतकं उंच होतं की पाठीवर निजवलं तरी डोकं उतारावर राहतं. आजीला मी फोनवर चेहऱ्याऐवजी तेच दाखवलं. "वासराला झूल घातलीस होय?" ती म्हणाली.

धुण्याचं काम आता यंत्राकडे होतं, निदान सगळ्यांचं मत तसं होतं. यंत्र धुतं हे खरं, पण त्याआधी हत्तीच्या पोटातून पट्ट्या ओढून काढाव्या लागतात आणि त्या ओढण्याचं यंत्र अजून निघालेलं नाही. मग थंड पाण्यात एक फेरी, मग साठ अंशांवर लांब फेरी, मग साबण राहू नये म्हणून एक जादा खळबळणं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालायचं नाही, त्याचाही थर बसतो. आमच्या सोसायटीत निम्मं पाणी टँकरचं. ते इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरं कडं धरतं, आणि तेच क्षार पट्ट्यांत साठून दीड महिन्यात त्या पापडासारख्या कडक झाल्या. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या पट्ट्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन आतला साका काढणे. धुतलेले कपडे धुणं, या कामाला मराठीत शब्द नाही. मराठीत अशी वेळ कुणावर आली नसावी.

धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं, "बाळोती सोडून." मी सांगितलं की यंत्रच धुतं. त्या म्हणाल्या, मग यंत्राला सांगा. घरातल्या सगळ्या संभाषणांत कर्ता स्पष्ट असलेलं हे एकच होतं, म्हणून मला मावशींबद्दल आदर आहे.

वाळत घालण्याबाबत सोसायटीचा नियम असा की दर्शनी बाजूच्या गॅलरीत कपडे दिसता कामा नयेत. आमच्या घरात ऊन फक्त दर्शनी बाजूला येतं. मागच्या बाजूला पार्किंग आणि सावली आहे, तिथे हवं ते वाळत घालायला पूर्ण मोकळीक आहे. पत्र आलं, त्यात 'काही सदनिकांच्या गॅलरीत हत्तीसदृश कपडे आढळून आले' असं होतं. 'आढळून आले' हाही पाहण्यासारखा प्रयोग आहे. ते कुणाला आढळले ते मला माहीत आहे, चौथ्या मजल्यावर राहतात.

घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नवरा सांगायचा, "आम्ही क्लॉथच वापरतो." इथे 'आपण'चं 'आम्ही' झालं होतं आणि ते व्याकरणाला धरून होतं, कारण पाहुणे धुण्यात सामील नव्हते. नंतर तो ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा २००८ चा अहवाल सांगायचा. अडीच वर्षांच्या डायपरांचा कार्बनचा हिशेब, फेकायचे असतील तर सुमारे साडेपाचशे किलो, कापडी असतील तर पाचशे सत्तर. म्हणजे जवळजवळ सारखंच. पण यंत्र पूर्ण भरून लावलं, सुकवणीचं यंत्र न वापरता दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडीचे दोनशेएक किलो वाचतात. पुढे २०२३ साली तिथे नव्याने हिशेब झाला तेव्हा पारडं कापडाकडे झुकलं. पाहुणे माना डोलवायचे. दुसऱ्या बाळाचा उल्लेख अहवालात कार्बनच्या तक्त्यात आहे, माझ्याशी बोलून ठरवलेला नाही, हे मी चहा देताना नमूद करायची.

रात्रीपुरता आम्ही आता फेकायचा डायपर वापरतो, हे तो पाहुण्यांना सांगत नसे. त्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी असते. ती स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते आणि जेली होते. त्यामुळे सकाळी डायपर बाळाच्या डोक्याइतका झालेला असतो, पण बाळ झोपलेलं असतं, आणि आईही. घनकचरा नियमांप्रमाणे असे डायपर वेगळे गुंडाळून द्यायचे असतात. पुण्यात त्या पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, म्हणजे कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंना ती उघडावी लागत नाही. ही चांगली पद्धत आहे, मी तिच्यात काही खोट काढणार नाही. हा लाल ठिपका नवरा काढतो. त्याने त्यासाठी जाड टोकाचं स्केचपेन आणलं आहे. ठिपका तो अगदी गोल काढतो, बाहेर कुठे रंग जात नाही, आणि काढून झाल्यावर पुडी लांब धरून बघतो. ताई येईपर्यंत ती दाराबाहेर असते. दाराबाहेर नेऊन ठेवायचं कामही तोच करतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

नोव्हेंबरअखेर माझी रजा संपली. २०१७ च्या दुरुस्तीने ती बारा आठवड्यांची सव्वीस झाली, आणि या सव्वीस आठवड्यांत मी काय शिकले असं कुणी विचारलं तर मी कापडाच्या जाती सांगू शकते. मायक्रोफायबर झरझर पाणी ओढतं पण बाळाच्या कातडीला थेट लावायचं नाही, ते कातडीतलंही पाणी ओढतं. बांबूचं मऊ असतं आणि वाळायला दिवस घेतं. तागासारखं जे एक जाडसर असतं ते खूप धरून ठेवतं, फक्त सावकाश, तोवर बाळाला वाट पाहायला सांगावी लागते. पाळणाघरातल्या ताईंनी हत्ती पाहिले, हसल्या आणि म्हणाल्या, "हे घरी." मग शाळेच्या दिवशी दिवसाही फेकायचे आणि सुट्टीच्या दिवशी कापडी. म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी.

डिसेंबरात उष्टावण होतं. आजी चिपळूणहून आली. आईच्या दुधावर असेपर्यंत बाळाची शी तशीच यंत्रात गेली तरी चालते, खिमट सुरू झालं की ती आधी संडासात टाकावी लागते. परदेशात त्यासाठी नळाला जोडायची खास पिचकारी विकतात म्हणे. आपल्या संडासात जेट असतोच. या सबंध प्रकरणात आपण जगाच्या पुढे होतो असं एवढंच एक ठिकाण मला सापडलं आणि मी तिथे हातात हत्ती घेऊन उभी होते.

पाहुण्यांसमोर नवऱ्याने अहवाल सांगितला. आजीने ऐकून घेतला. "आमच्या वेळी सगळं कापडीच," ती म्हणाली, "सहा पोरं झाली मला. बाळोती विहिरीवर धुतली जायची." पाहुण्यांनी पुन्हा माना डोलवल्या. मी सवयीने विचारलं, "कुणाकडून?"

आजीला प्रश्न समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "आत्याबाई धुवायच्या." आत्याबाई म्हणजे आजोबांच्या आत्या, चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. त्यांना मूल नव्हतं. आजीची सहा, थोरल्या जावेची पाच, धाकटीची चार. "पावसातही इरलं घेऊन जायच्या. धुतलेली बाळोती पदराखाली झाकून आणायच्या, भिजू नयेत म्हणून." ओली धुणी पावसात का झाकायची, असं एका पाहुण्याने विचारलं. आजी म्हणाली, "ते त्यांना कोण विचारणार?" मग कुणीतरी खिरीचा विषय काढला.

त्या रात्री मोरीत खुडबूड ऐकू आली. वीस मिनिटं पाणी वाहत होतं. मग नवरा बाहेर आला, कोपरापर्यंत भिजलेला, चेहऱ्यावर लाल ठिपका पूर्ण झाल्यावर असतो तसा भाव. "मी धुतला," तो म्हणाला. त्याने तो हत्ती दर्शनी गॅलरीत, ऐन मध्यभागी, दोन चिमटे लावून वाळत घातला.

'मी लंगोट धुतला.' कर्मणी प्रयोग. यात कर्ता गाळलेला नसतो, फक्त क्रियापद त्याला विचारत नाही, ते लंगोटाप्रमाणे बदलतं. लंगोट एक असेल तर 'धुतला', अनेक असतील तर 'धुतले'. वाक्य शुद्ध होतं. मी फक्त वचनाकडे त्याचं लक्ष वेधलं. बादलीत आणखी पाच होते.